तूप तापायचा अवकाश

“सगळं तयार आहे. आता नुसता तूप तापायचा अवकाश.”

असं म्हणून त्या बरणीत हात घालायच्या, अनारशाच्या पिठाच्या गोळ्यावर अंगठा दाबायच्या आणि उठलेला ठसा मान वाकडी करून पाहायच्या. ठसा मनासारखा उठला की बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं. नाही उठला की गोळा बाहेर काढून पुन्हा मळायचा. खाणारा माणूस तेव्हा नर्मदेपलीकडे कुठेतरी घोड्यावर असायचा.

आमच्या आळीत हे वाक्य म्हणीसारखं झालं होतं. कुणाच्या मुलीच्या लग्नाची भांडी आली, लुगडी आली, आणि नवरामुलगा तेवढा मिळायचा राहिला, की लोक म्हणायचे, “मग काय, तूप तापायचा अवकाश.” त्यांच्या कानावर जायचं. त्या हसायच्या. स्वतःवर हसणारं माणूस आमच्या पुण्यात तसं कमीच, म्हणून मला त्या पहिल्यापासून आवडल्या.

मी त्यांना वहिनी म्हणत असे. शनिवार पेठेत आमची दोन घरं एका भिंतीची. भिंत त्यांची की आमची हा वाद सासऱ्यांच्या वेळेपासून चालू होता, आणि तो मिटू नये अशीच दोन्ही घरांची इच्छा होती, कारण मिटला असता तर ती लिंपायचं काम कुणाच्या तरी गळ्यात पडलं असतं. त्यामुळे भिंतीला भेगा होत्या, आणि भेगांतून पलीकडचं सगळं ऐकू यायचं. आम्हा दोघींची मैत्री त्या भेगांतूनच वाढली म्हणा ना.

त्यांचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, एका सरदाराच्या पागेकडे कारकून होते. घोड्यांचा दाणा आणि वैरण त्यांच्या हाती. फौज निघाली की निघायचं, फौज परतेल तेव्हा परतायचं. आमचे हे दफ्तरातले. ह्यांची मोहीम सकाळी शनिवारवाड्यापर्यंत आणि संध्याकाळी परत. वाटेत फार तर एखादी म्हैस आडवी यायची, आणि त्या संकटाचं वर्णन मी जेवण होईपर्यंत ऐकायची.

आता भाऊजींच्या पहिल्या परतण्याची गोष्ट सांगते, म्हणजे अनारशाचं कोडं उलगडेल. दोन पावसाळे बाहेर काढून माणूस घरी आला. वहिनी तेव्हा नव्या नवलाईच्या. त्यांनी पहाटेपासून चूल सोडली नाही. पुरण शिजवलं, वाटलं, कटाची आमटी केली, वडे तळले, कुरडया तळल्या. भाऊजी बाहेर ओट्यावर बसले, भोवती आळी गोळा झाली, आणि त्यांनी मोहिमेच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. पानं वाढून होईपर्यंत गोष्टी संपल्या होत्या. भाऊजी पोटभर जेवले, हात धुतले आणि जे आडवे झाले ते दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठले.

“चंबळेच्या पुरात इकडची स्वारी घोड्यासकट वाहून चालली होती, हे मला दूधवालीनं सांगितलं गं,” वहिनी म्हणायच्या. “माझा नवरा बुडता बुडता वाचला, हे गवळणीला आधी ठाऊक! मी आपली धुरात डोळे पुसत वडे तळतेय.”

त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, की यापुढे हा माणूस घरी येईल तेव्हा आपण चुलीपुढे नसायचं. त्याच्यापुढे बसायचं. त्यानं बोलायचं आणि आपण ऐकायचं.

मग त्यांची तयारी सुरू झाली, आणि ती तयारी म्हणजे आळीतल्या बायकांची शाळाच होती. फौज परत आली की त्या काळी माणसं थेट घरात येत नसत. नदीपलीकडे तळ पडायचा, चांगला दिवस बघायचा आणि मग घरात पाऊल. तेवढ्या मधल्या वेळात बाकीच्या बायकांची कोण तारांबळ! हिच्याकडे पुरणाला डाळ नाही, तिच्याकडे जात्याचा खुंटा निघालेला. वहिनी मात्र केस विंचरत बसलेल्या असायच्या. मेतकूट दळून ठेवलेलं. भाजणी तयार. शेवया वळून, वाळवून डब्यात. तिळाची चटणी, मुरलेलं लिंबू, डिंकाचे लाडू. भात टाकायचा, त्यावर मेतकूट आणि तूप, की दमूनभागून आलेल्या माणसाचं पहिलं जेवण झालं. आणि भाऊजींचा जीव होता अनारशांत, म्हणून पिठाचे गोळे बरणीत मुरत ठेवलेले. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, सावलीत सुकवा, ओलसर असतानाच कांडा, वस्त्रातून गाळा, गूळ घालून मळा. हा सगळा कुटाणा आधीच उरकलेला. माणूस दारात दिसला की कढई ठेवायची, खसखशीवर गोळा थापायचा आणि तुपात सोडायचा.

मलाही त्यांनी शिकवलं. मी म्हटलं, “वहिनी, आमचे हे रोज संध्याकाळी येतात. मला कशाला ही विद्या?”

“तुझे रोज येतात म्हणून तुला किंमत नाही,” त्या म्हणाल्या. “शिकून ठेव. विद्येला काही खायला घालावं लागत नाही.”

मी शिकले. माझा पहिला अनारसा तुपात पडला आणि फसफसून विरघळला. अनारसा असा विरघळला की आम्ही बायका तो ‘हसला’ म्हणतो. माझे एकजात सगळे हसले. ह्यांनी कढईत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “हे प्यायचं आहे का?”

अशी वर्षं गेली. भाऊजी जायचे, यायचे. आले की भिंतीच्या भेगेतून आधी तुपाचा वास यायचा आणि मग भाऊजींचा आवाज, सावकाश, न थांबता, आणि मधूनमधून वहिनींचं “अगबाई! मग?” मला हेवा वाटायचा. रोज घरी येणाऱ्या नवऱ्याशी इतकं बोलायला मला काही सापडायचं नाही.

मग ती उत्तरेची मोठी मोहीम निघाली. भाऊजी निघताना घोड्यावरून वाकून म्हणाले, “पीठ मुरत ठेव हं. तिकडचे हलवाई साखरेत माती घोळतात.” वहिनींनी मान हलवली.  आळीच्या तोंडाशी भाऊजींनी मागे वळून हात केला, आणि घोडा वळला.

संक्रांत होऊन गेल्यावर पानिपताची बातमी आली.

त्या दिवसांबद्दल मला नीट लिहिता यायचं नाही. कोण गेला आणि कोण आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बायका कुंकू लावायच्या आणि लावताना आरशात बघायच्या नाहीत.  ह्यांच्या दफ्तरात रोज नवी नावं यायची. संध्याकाळी हे आले की मी ह्यांच्या तोंडाकडे पाहायची आणि हे मान हलवायचे, म्हणजे भाऊजींचं नाव आजही नाही. गेलेल्यांतही नाही आणि असलेल्यांतही नाही.

वहिनींनी तांदूळ भिजत घातले.

आळीत कालवा झाला. निम्म्या घरांत सुतक, चुली धड पेटत नाहीत, आणि ही बाई अनारशाचं पीठ कांडतेय! मुसळाचा आवाज आळीभर घुमायचा. माझ्या सासूबाई दारात जाऊन म्हणाल्या, “अगो, जरा तरी लाज धर. लोकांकडे माणसं गेली आहेत.”

“त्यांची गेली असतील,” वहिनी मुसळ न थांबवता म्हणाल्या. “माझं यायचं आहे. आल्यावर तांदूळ भिजत घालू का?”

सासूबाई पदर सावरत परतल्या. पण मी वहिनींचे डोळे पाहिले. त्या झोपत नव्हत्या. पीठ आंबलं की गाईला घालायच्या आणि लगेच नवे तांदूळ भिजवायच्या. तांदूळ पाण्यात असला की त्यांचा माणूस वाटेवर आहे, एवढंच त्यांनी मनात घट्ट धरलं होतं, आणि ते सुटलं तर त्या पडल्या असत्या.

पहिला परत आला तो समोरच्या घरातला धाकटा. तोफखान्याकडे नोकरीला होता. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. एका दुपारी आळीच्या तोंडाशी कुणी भिकारी उभा राहिला म्हणून मुलं ओरडली, आणि त्याच्या आईनं त्याला चालण्यावरून ओळखलं. अंगावर हाडं आणि हाडांवर धूळ. पण जिवंत! अख्ख्या आळीला आपलाच माणूस आल्यासारखं झालं. लोक रडत होते, हसत होते. मुहूर्त वगैरे कुणी विचारला नाही.

त्याच्या बायकोच्या घरात काही तयार नव्हतं. ती वहिनींकडे धावत आली. वहिनींनी कढई चढवली. बरणी उघडली. शेवयांची खीर झाली, मेतकूट-भातावर तुपाची धार झाली, लाडू झाले, आणि अनारसे, एकामागून एक, जाळीदार, खसखशीचे. वहिनींनी स्वतः वाढले. तो खात होता आणि आम्ही सगळ्या बघत होतो. “दाणा नव्हता हो तिकडे,” तो म्हणाला. “झाडांचा पाला उकळून खाल्ला. वहिनी, आणखी एक.” वहिनींनी आणखी दोन वाढले. त्या दिवशी त्यांचा चेहरा किती उजळला होता! जणू हा आला, म्हणजे मागून तेही येतायत.

संध्याकाळपासून त्याचं पोट फुगलं. सकाळी तो तळमळत होता. वैद्यबुवा आले, पोटाला हात लावला आणि काय खायला दिलं ते विचारलं. ऐकून त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. “इतके महिने उपाशी असलेल्या पोटात तूप ओतलंत? पेज द्यायची. पळी पळी. मिठाचा खडा घालून.” मग हळू म्हणाले, “आता देवाचं नाव घ्या.”

दुसऱ्या दिवशी तो गेला.

वहिनी त्यांच्या दारात गेल्या तेव्हा त्याची आई ओट्यावर बसली होती. ती ओरडली नाही. साध्या आवाजात म्हणाली, “पठाणांच्या हातून सुटून आला होता माझा मुलगा. तुझ्या अनारशानं गेला.”

वहिनी तिथेच उभ्या राहिल्या. मी त्यांचा दंड धरून त्यांना घरी आणलं. त्यांच्याकडे विरजण मागायला येणाऱ्या बायका यायच्या थांबल्या. हौदावर त्यांची घागर लागली की बाकीच्या जरा सरकून उभ्या राहायच्या. खरं सांगते, त्या आळीतल्या कुठल्याही बाईनं त्या दिवशी तेच केलं असतं. लांबून आलेल्या माणसाला गोडधोड करायचं, हे आम्ही आयांकडून शिकलो होतो. उपाशी माणसाला अन्न बाधतं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्यात कुणी इतकं उपाशी राहिलंच नव्हतं.

वहिनी वैद्यबुवांकडे गेल्या आणि सगळं विचारून आल्या. पेज किती पातळ, मीठ किती, भात कधी, तूप कधी. त्यानंतर त्या पेजेचं पातेलं कमरेवर घेऊन नदीवर जायला लागल्या. तिथे नवा लाकडी पूल झाला होता आणि उत्तरेकडून येणारी माणसं त्यावरून पुण्यात शिरत. एकेकटी यायची, कधी दोघं-तिघं, एकमेकांना धरून. पुलाच्या अलीकडे त्यांच्या बायका, आया वाट बघत बसलेल्या असायच्या, फडक्यात पोळ्या, गूळ, लाडू बांधून. वहिनी त्यांच्या हातातून फडकी हिसकावून घ्यायच्या.

“आधी पेज!” त्या ओरडायच्या. “मेलीस तरी चालेल, आधी पेज!”

ब्राह्मणाची बाई पुलावर उभी राहून परक्या पुरुषांच्या तोंडाला वाटी लावते, म्हणून कोण बोलणं झालं. माझ्या सासूबाईंनी मला जायला बंदी केली. मी देवाला जाते म्हणून निघायची आणि पेजेचं दुसरं पातेलं उचलायची. ह्यांना कळलं होतं. हे एवढंच म्हणाले, “हल्ली देव फार लांब राहायला गेलेला दिसतो.” पण अडवलं नाही.

ती माणसं पेज पाहून शिव्या द्यायची. एका दाढीवाल्या बारगीर स्वारानं वाटी तोंडाला लावली आणि थुंकला. “ह्यापेक्षा गिलचा पठाण बरा व्हता. झटक्यात मारायचा.”

“त्याला पेज करता येत नव्हती,” वहिनी म्हणाल्या, “नाहीतर त्यानंही हळूहळूच मारलं असतं. पी.”

तो हसला आणि प्यायला. किती जण जगले मला माहीत नाही. पुलावरून पुढे गेलेला माणूस परत सांगायला येत नाही. पण प्रत्येकाला वाटी देताना वहिनी आधी त्याचं तोंड न्याहाळायच्या आणि मग विचारायच्या, “दाण्यावैरणीकडचे कारकून होते, गोरे, उजव्या भुवईवर वण. पाहिलेत?” कुणी म्हणायचं ग्वाल्हेरीपर्यंत होते. कुणी म्हणायचं पहिल्याच दिवशी पडले. त्या दोघांनाही सारखीच पेज वाढायच्या.

घरी मात्र बरणीत पीठ होतंच. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “पंधरवडाभर पेज. मग मऊ भात. मग एक दिवस अनारसे. मी वैद्यबुवांना विचारून ठेवलंय.” अंगठा दाबून ठसा पाहिला आणि बरणीला फडकं बांधलं.

पावसाळा सरत आला होता तेव्हा भाऊजी आले. एका बंजाऱ्याच्या बैलावर पोत्यासारखे बांधून आणले होते. वहिनींनी ओळखलं नाही. मीही नाही. दाढी छातीपर्यंत, केसांच्या जटा भुवयांवर, डोळे आत, सगळं तोंडच बदललेलं. वहिनींनी इतरांसारखीच त्यांच्या डोक्याखाली हात घातला आणि वाटी ओठांना लावली.

त्यांनी वाटी बाजूला सारली. “पेज कसली देतेस?” ते म्हणाले. “अनारसे कुठायत?”

वहिनींच्या हातातून वाटी पडली नाही. त्यांनी ती नीट खाली ठेवली. मग त्यांनी पुन्हा तीच वाटी उचलली, पेजेनं भरली आणि म्हणाल्या, “आधी पेज.” आणि रडू लागल्या.

भाऊजी घरी आले खरे. पण तुम्हाला वाटेल की मग सगळं नीट झालं, तसं झालं नाही. अंगात ताप होता, तो उतरेना. आणि ते रोज अनारसे मागायचे. भिंतीच्या भेगेतून मला सगळं ऐकू यायचं. पहिले काही दिवस थट्टेनं मागितलं. मग रागानं. “माझं घर, माझी बायको, आणि मला माझ्या घरात उपाशी ठेवते! तिकडे शत्रूनं उपाशी ठेवलं, इकडे तू!” मग राग गेला आणि ते लहान मुलासारखे मागायला लागले. “एक दे. अर्धा दे. बरं, नुसता तळ, वास येऊ दे.”

“अजून थोडे दिवस,” वहिनी म्हणायच्या. “पोट जरा धरू दे. मग तुम्ही थांबा म्हणेपर्यंत तळीन.”

“तू तो समोरचा मेला म्हणून घाबरतेस.”

“हो,” वहिनी म्हणायच्या. “घाबरते.”

मग एक दिवस भाऊजींनी मागणं सोडलं. बोलणंही सोडलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. वहिनी त्यांच्या पाठीशी बसून राहायच्या. चूल विझलेली, कामं उरकलेली, पुढे कसलीही घाई नाही. वर्षानुवर्षं ज्या घटकेसाठी त्यांनी तयारी केली होती ती घटका आली होती आणि त्या त्यात बसल्या होत्या. “मग तुम्ही ग्वाल्हेरीहून कसे निघालात?” त्या विचारायच्या. “वाटेत कुणी थारा दिला का?” पाठीकडून उत्तर यायचं नाही. एवढ्या लांबून आलेला माणूस काय काय पाहून आला होता, त्यातलं एक अक्षर त्यांना मिळालं नाही.

मला राहवेना. मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, “वहिनी, एक द्या हो. चिमूटभर. त्यांचा जीव अडकलाय त्यात.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरले. “त्या पोरानं ‘आणखी एक’ म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या. “मी दोन वाढले. तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. मी यांना मारू का? घरी आणून मारू? तू माझ्या जागी उभी राहा आणि तळ. आहे हिंमत? ही कढई, हे तूप.”

मला हिंमत नव्हती. मी घरी आले.

भाऊजी त्यानंतरच्या आठवड्यात गेले. पहाटे, पाठ तशीच फिरवलेली.

वैद्यबुवा दुपारी भेटायला आले. वहिनी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, मी त्यांच्या शेजारी. वैद्यबुवा उंबऱ्याबाहेर बसले. सांत्वन करण्यासाठीच बोलले बिचारे. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पोटाचं काही नव्हतं. तुम्ही पोट उत्तम सांभाळलंत. छाती आधीच गेली होती त्यांची, तिकडच्या थंडीत. हे जाणारच होते. कशानंही थांबले नसते.”

वहिनींनी मान वर केली. “म्हणजे अनारसा चालला असता?”

वैद्यबुवा खरं बोलणारे होते. अशा वेळी माणसानं थोडं खोटं बोलावं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते म्हणाले, “चालला असता.”

 वहिनींनी टाहो फोडला नाही. नखानं जमिनीचं सारवण खरवडत राहिल्या, आणि मी त्यांचा हात धरला तेव्हा नखात शेण आणि रक्त होतं. मला तेव्हा वैद्यबुवांचा इतका राग आला! आजही येतो. खरं बोलल्याबद्दल माणसाचा राग येतो, हे मला तेव्हा कळलं.

पुढचं जे व्हायचं ते झालं. केस गेले, लाल आलवण आलं. कोपऱ्यातल्या खोलीत त्या बसून असायच्या. पुलावर जायला कुणी उरलं नाही. मीही एकटी गेले नाही.

तेव्हा पलीकडच्या आळीतली एक मुलगी धावत आली. तिचा नवरा त्याच सकाळी आला होता, जाटांच्या मुलखात कुणाच्या तरी गोठ्यात इतके दिवस पडून राहिलेला. तिच्या एका हातात पेजेची वाटी आणि दुसऱ्या हातात ताटली, ताटलीत गूळपोळी. तिनं पुलावर वहिनींना पाहिलं होतं. ती खोलीच्या दारातच उभी राहिली, दम लागलेला, डोळ्यांत पाणी. “काकू, ते पोळी मागतायत. हातापाया पडतायत हो. काय देऊ?”

वहिनींनी वाटीकडे पाहिलं. ताटलीकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. ज्या बाईनं पुलावर लोकांच्या हातातली फडकी हिसकावली, तिला दोन अक्षरं बोलायची होती, आणि ती निघत नव्हती. मी मनात म्हणत होते, बोला वहिनी, आधी पेज, तुम्हाला ठाऊक आहे.

“मला नको विचारूस गं,” त्या शेवटी म्हणाल्या. “मला काही कळत नाही.” आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग तिची तीच वळली आणि जाता जाता ताटली माझ्या हातात देऊन गेली.

त्यानंतर मी रोज त्या घराकडे कान देऊन असायची. तिचा नवरा आरडाओरडा करायचा, भांडी फेकायचा, बायकोला वाटेल ते बोलायचा. ती पेज देत राहिली. पुढे भात दिला. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी मी हौदावर गेले तर तो तिथे उभा. काठी धरून, पण आपल्या पायांवर. बायकोची घागर उचलू का विचारत होता, आणि ती नको म्हणून त्याच्यावर डाफरत होती.

मी घागर तिथेच टाकली आणि धावत सुटले. वहिनींना सांगायचं होतं. तुमच्या पेजेनं तो जगला. तिनं तुमचंच ऐकलं. तुम्ही बोलला नाहीत तरी तुमचंच ऐकलं. वाटेत मला लोक काय झालं म्हणून विचारत होते आणि मी थांबले नाही.

वहिनींचं दार सताड उघडं होतं. चूल सारवलेली होती, भांडी पालथी घातलेली. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, “उजाडायच्या आत गेली. कोकणातून भाऊ आला होता, त्याच्या गाडीतून. तुला उठवू नका म्हणाली.”

मी आत गेले आणि त्या रिकाम्या घरात उभी राहून मोठ्यानं म्हटलं, “वहिनी, तो जगला.” दुसऱ्यांदाही म्हटलं. कोकणात कुठल्या गावी, ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. पुढे मी जाणाऱ्या-येणाऱ्याजवळ किती निरोप धाडले. एकही पोचल्याचं मला कळलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी हे नेहमीच्या वेळेला दफ्तरातून आले. पागोटं खुंटीला अडकवलं, पाय धुतले, पाटावर बसले आणि विचारलं, “आज काय केलंय?”

 मी ताट ह्यांच्यापुढे ठेवलं, तिथेच ह्यांच्यासमोर जमिनीवर बसले, आणि म्हटलं, “आज वाटेत काय झालं, ते सांगा.”